दोन खो

बीड जिल्ह्यात पावसाचा भरवसा नाही. सह्याद्रीच्या पूर्वेकडील पर्जन्यछायेच्या पट्ट्यात हा जिल्हा येतो. उत्तरेच्या सीमेवरून गोदावरी वाहते, मधून बालाघाटचे डोंगर जातात. आणि या डोंगरांच्या माथ्यावरील गावे मृग नक्षत्राकडे डोळे लावून बसतात. मृगाच्या सरी वेळेवर आल्या, तर बाजरी, तूर, कापूस आणि सोयाबीन यांची पेरणी होते. त्याच सुमारास शाळाही उघडतात. शेतातील ढेकळे भिजून मऊ होतात, त्याप्रमाणे शाळेपुढील उन्हाने तडकलेले मैदानही मऊ होते. मग एखाद्या सकाळी मुले खडे वेचू लागतात, गवत उपटतात, पाणी शिंपडून जमीन चोपतात आणि दोरी ताणून चुन्याच्या रेघा आखतात. खो-खोचा हंगाम सुरू झाला, हे गावाला या पांढऱ्या रेघांवरून कळते.

या खेळाला साहित्य जवळजवळ काहीच लागत नाही. चेंडू नको, काठी नको, पायात जोडाही नसला तरी चालते. दोन खांब, चुन्याची फक्की आणि सपाट जमीन एवढे मिळाले, की झाले. मोठ्यांचे क्रीडांगण २७ मीटर लांब व १६ मीटर रुंद असते. लहान मुलांसाठी ते काहीसे आखूड आखतात. क्रीडांगणाच्या दोन टोकांना एकेक खांब रोवलेला असतो. खांबापासून खांबापर्यंत एक अरुंद मध्यपाटी जाते आणि तिच्यावर ३० सेंटिमीटर बाजूचे आठ चौकोन आखलेले असतात. पाठलाग करणाऱ्या संघाचे आठ खेळाडू या चौकोनांत उकिडवे बसतात. एकाचे तोंड उजवीकडे, तर त्याच्या शेजाऱ्याचे डावीकडे. नववा खेळाडू खांबापाशी उभा राहतो. दुसऱ्या संघाचे तीन खेळाडू पळण्यासाठी मैदानात उतरतात. ते तिघे बाद झाले, की लगेच पुढचे तिघे आत येतात.

नियम थोडे आहेत, परंतु कडक आहेत. पळणारा मध्यपाटीवरून हवा तसा आरपार जाऊ शकतो; पाठलाग करणाऱ्याला मात्र ती ओलांडता येत नाही. एकदा ज्या दिशेने तो धावू लागला, त्या दिशेने खांबापर्यंत गेल्याशिवाय त्याला मागे वळताही येत नाही. म्हणजे पळणाऱ्याला सर्व वाटा मोकळ्या आणि पाठलाग करणाऱ्याला जवळजवळ सर्व वाटा बंद! मग पळणारा सापडावा कसा? याचे उत्तर एका अक्षरात आहे. धावणारा खेळाडू बसलेल्या सोबत्याच्या पाठीमागे येतो, त्याच्या पाठीला हाताने स्पर्श करतो आणि मोठ्याने म्हणतो, “खो!” त्या क्षणी बसलेला उठतो, स्वतःचे तोंड ज्या बाजूला असते त्या बाजूने धावत सुटतो, आणि खो देणारा त्याच्या रिकाम्या चौकोनात बसतो. जे एकाला करता आले नसते, ते दुसरा करतो.

खो मिळण्यापूर्वी उठणे ही चूक होय. पुढे वाकणारा, खो दिल्याचा भास करून स्वतःच धावणारा, किंवा स्पर्श न करता नुसतेच ओरडणारा, हे सर्व पंचाच्या शिट्टीला पात्र ठरतात. म्हणून या खेळात वेगाइतकेच महत्त्व संयमाला आहे. बसलेल्या खेळाडूला पाठीमागचे दिसत नाही. पळणारा समोरून गेला, हाताच्या अंतरावरून गेला, तरी खो मिळेपर्यंत त्याने जागचे हलावयाचे नाही. आणि खो मिळाला, की क्षणाचाही विलंब लावावयाचा नाही. पळणाऱ्याचे शास्त्र याहून निराळे असते. तो बसलेल्यांमधून नागमोडी धावत साखळी खेळतो, कधी दोघातिघांभोवती गोल फिरतो, तर कधी खांबाजवळ हुलकावणी देऊन पाठलाग करणाऱ्याला चुकवितो. तोही मग खांबाला हात घालून अंग झोकून देतो आणि बोटाच्या टोकाने का होईना, त्याला टिपतो.

हा खेळ महाराष्ट्रात पिढ्यान् पिढ्या खेळला जात होता. परंतु गावोगाव त्याची रीत वेगळी होती. १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने त्याचे नियम प्रथम ठरविण्यास आरंभ केला. नियम झाले म्हणून स्पर्धा होऊ लागल्या, आणि स्पर्धा होऊ लागल्या म्हणून नियम अधिक रेखीव झाले. १९५९–६० मध्ये विजयवाडा येथे पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा भरली. अंगणातील खेळ अशा रीतीने सबंध देशाचा खेळ झाला.

शाळांच्या स्पर्धांची रचना एखाद्या जिन्यासारखी असते. वयानुसार १४, १७ व १९ वर्षांखालील असे गट असतात, आणि मुलांच्या व मुलींच्या स्पर्धा स्वतंत्र होतात. पहिली पायरी तालुक्याची. बीड जिल्ह्यात बीड, आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, गेवराई, माजलगाव, वडवणी, धारूर, केज, अंबाजोगाई आणि परळी असे ११ तालुके आहेत. प्रत्येक तालुक्यातील विजयी संघ जिल्ह्याच्या स्पर्धेला जातो. जिल्ह्याचा विजेता विभागाच्या स्पर्धेत खेळतो, आणि विभागाचा विजेता राज्याच्या स्पर्धेत. खेळासाठी महाराष्ट्राचे आठ विभाग केलेले आहेत. बीडचे संघ छत्रपती संभाजीनगर विभागात खेळतात. त्याच्याही पुढे देशातील शालेय स्पर्धा. तेथे राज्याचा संघ निवडून पाठविला जातो.

हा जिना चढावयाचा म्हणजे एकही पायरी चुकवून चालत नाही. हे सामने बाद पद्धतीने होतात. जो संघ हरला, त्याचा त्या वर्षीचा हंगाम त्याच दिवशी संपला. तीन महिने पहाटे उठून केलेला सराव अर्ध्या तासात निकाली निघतो. म्हणून तालुक्याच्या सामन्याच्या आदल्या दिवशी शाळेत मोठी धांदल असते. मुख्याध्यापकांच्या सहीचे ओळखपत्र, जन्मतारखेचा दाखला, खेळाडूंची यादी हे सर्व पुन्हा पुन्हा तपासले जाते. एखाद्याची जन्मतारीख एका दिवसाने मर्यादेबाहेर गेली, तर त्याला बाहेर बसावे लागते. घरून कोणी भाकरी व शेंगदाण्याची चटणी बांधून आणतो, कोणी थोरल्या बहिणीचा गणवेश आवळून घालते, आणि एस. टी. गाडीच्या मागच्या बाकांवर दाटीवाटीने बसून संघ तालुक्याच्या गावी निघतो.

सामन्यात प्रत्येक संघाला दोनदा पाठलाग करावा लागतो आणि दोनदा पळावे लागते. मोठ्या गटात एक पाळी ९ मिनिटांची असते. लहान गटात ती त्याहून कमी असते. जितके खेळाडू बाद कराल, तितके गुण. समजा, पहिल्या संघाचे दोन्ही पाळ्यांचे मिळून १५ गुण झाले आहेत. दुसरा संघ शेवटचा पाठलाग करीत आहे. त्याचे १४ गुण झाले आहेत आणि ४० सेकंद उरले आहेत. बरोबरीला एक गडी हवा, विजयाला दोन. मैदानात पळणारी शेवटची मुलगी साखळीत तरबेज आहे. तिच्या मागे धावणारी दमली आहे. तिच्या हातून ती सुटणार, हे सर्वांना दिसते. अशा वेळी स्वतःच धावत राहण्याचा मोह फार मोठा असतो. गडी टिपला तर टाळ्या तिलाच मिळतील. परंतु ती दोन पावले आधीच थांबते, सोबतिणीच्या पाठीवर थाप देते, “खो!” सोबतीण उठते, वळण घेते आणि पुढच्याच क्षणी पुढचीला खो देते. तीन खो झपाट्याने पडतात, आणि पळणारी अचानक दोघींच्या मध्ये सापडते. कोणी बाद केले, हे गुणपत्रिकेत लिहिले जाते. खो कोणी दिले, हे कोठेही लिहिले जात नाही. परंतु संघाला ते ठाऊक असते.

मराठी भाषेत ‘खो’ या शब्दाचा आणखी एक उपयोग आहे. चाललेल्या कामात कोणी अडथळा आणला, तर ‘कामाला खो घातला’ असे आपण म्हणतो. शब्द एकच, परंतु अर्थ किती उलट! मैदानावरचा खो बसलेल्याला उठवितो; व्यवहारातला खो धावणाऱ्याला बसवितो. बीड जिल्ह्यातील अनेक खेळाडूंना या दोन्ही खोंची ओळख एकाच हंगामात होते.

त्याचे कारण जिल्ह्याच्या जीवनात आहे. पाऊस अपुरा, सिंचन थोडे, कोरडवाहू शेतीवर वर्षभर पोट भरत नाही. म्हणून दसरा-दिवाळीच्या सुमारास येथील असंख्य कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायकोच्या जोडीला या व्यवसायात ‘कोयता’ असे म्हणतात. मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली असते. ती फेडण्यासाठी साखर कारखान्यांचा गाळप हंगाम संपेपर्यंत, म्हणजे बहुधा मार्च-एप्रिलपर्यंत, उसाच्या फडाजवळ पाचटाच्या कोपीत राहावे लागते. आईबापांबरोबर मुलेही जातात. मोठी मुलगी धाकट्या भावंडांना सांभाळते, पाणी भरते, भाकरी थापते. शाळेच्या हजेरीपटावर तिच्या नावापुढे दिवसेंदिवस गैरहजेरीची खूण पडू लागते.

आता दिनदर्शिका पाहा. तालुक्याच्या स्पर्धा पावसाळ्यात होतात, जिल्ह्याच्या स्पर्धा पावसाळा सरतासरता. विभागाच्या आणि राज्याच्या स्पर्धांचे दिवस येतात, ते दिवाळीच्या मागेपुढे. म्हणजे संघ जेव्हा जिन्याच्या वरच्या पायरीवर पाय ठेवतो, नेमका तेव्हाच ऊसतोडीचा ट्रॅक्टर गावाच्या वेशीत येऊन उभा राहतो. भांडीकुंडी, अंथरूण, शेळी, कोंबड्या आणि मुले त्यात चढतात. संघाची एखादी उत्तम धावपटू त्यात असेल, तर तिच्या चौकोनात कोणाला बसवावे, हा प्रश्न उरतोच. राखीव खेळाडू असतात, नियमही पाळले जातात. पण चार महिने एकमेकींच्या पावलांचा आवाज ओळखून बसलेल्या आठ जणींपैकी एक गेली, म्हणजे साखळीतला एक दुवाच निसटतो. खेळाचे नुकसान हे त्यातले लहान नुकसान होय. मोठे नुकसान त्या मुलीचे. सहा महिने शाळा सुटली, की गणित मागे पडते, वाचन मागे पडते. पुढच्या वर्षी वर्गात बसण्याचा संकोच वाटतो, आणि कधी कधी पाऊल शाळेकडे पुन्हा वळतच नाही.

या अडचणीवर उपाय योजले गेले आहेत. आईवडील ऊसतोडीला गेले असताना मुलांना गावातच राहता यावे, जेवण मिळावे आणि शाळा सुटू नये, यासाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे. २०२१ साली राज्य शासनाने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा यांच्या नावाने वसतिगृहांची योजना मंजूर केली. अनेक घरांत आजी-आजोबा मागे राहतात आणि नातवंडांना जवळ ठेवून घेतात. तथापि योजना कागदावर असणे निराळे आणि मुलीला मागे ठेवण्याचा धीर आईला होणे निराळे. परमुलखात असताना लेक येथे सुरक्षित राहील ना, वेळेवर जेवेल ना, आजारी पडली तर कोण पाहील, ही आईची काळजी खोटी नसते. अशा वेळी शिक्षक तिच्या दारी जातात, शेजारीण “मी पाहीन तिच्याकडे” म्हणून हमी देते, आजी आपली वाकळ नातीसाठी मोकळी करते. शिक्षक, शेजारीण, आजी असा हातोहात खो दिला गेला, तर मुलगी शाळेत राहते. यांतील एकाने जरी हात आखडता घेतला, तर तो खो तिच्या शिक्षणाला बसतो.

शालेय खेळाला गावाने असे उचलून धरणे ही केवळ आपल्याकडचीच रीत नव्हे. युरोपच्या पश्चिमेला आयर्लंड नावाचे बेट आहे. तेथे हर्लिंग हा फार प्राचीन खेळ खेळतात. अ‍ॅश वृक्षाच्या लाकडाची, टोकाशी पसरट अशी काठी आणि लहानसा कातडी चेंडू घेऊन १५–१५ खेळाडूंचे दोन संघ झुंजतात. हा खेळ मागे पडू नये म्हणून १८८४ साली तेथे एक संस्था स्थापन झाली. १९४४ पासून आयरिश शाळांचे संघ डॉ. क्रोक यांच्या नावाच्या चषकासाठी लढत आले आहेत. २०१८ साली युनेस्कोने हर्लिंगला मानवजातीच्या सांस्कृतिक वारशात स्थान दिले. विशेष हे, की तेथील मोठमोठे खेळाडूसुद्धा वेतन न घेता, आपल्या गावासाठी व परगण्यासाठी खेळतात. कोणी शिक्षक असतो, कोणी शेतकरी. दिवसाचे काम आटोपून ते सरावाला येतात. भाषा वेगळी, हवामान वेगळे, खेळही वेगळा. परंतु मातीतला खेळ पुढच्या पिढीच्या हाती देण्यासाठी शाळेसारखे दुसरे ठिकाण नाही, हे तेथेही ओळखले गेले आहे.

हा जिना चढून फार वर गेलेली माणसे याच मुलखात आहेत. बीडला लागून असलेल्या धाराशिवच्या सारिका काळे यांनी गरिबीशी झगडत खो-खो चालू ठेवला. २०१६ साली गुवाहाटी येथील दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाच्या त्या कर्णधार होत्या. २०२० साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्ली येथे खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा भरली. वीसहून अधिक देशांचे खेळाडू तीत आले होते. १९ जानेवारीला झालेल्या अंतिम सामन्यात भारताच्या महिला संघाने नेपाळचा ७८–४० असा पराभव केला. या स्पर्धेत गुण मोजण्याची रीत नवी होती, म्हणून आकडे एवढे मोठे दिसतात. त्या संघाच्या कर्णधार प्रियांका इंगळे या मूळच्या बीड जिल्ह्यातील केज तालुक्याच्या; त्यांचे कुटुंब पोटापाण्यासाठी पुण्याकडे गेले आणि तेथे त्या खेळाडू म्हणून घडल्या. त्याच दिवशी पुरुषांच्या संघानेही महाराष्ट्राच्या प्रतीक वाईकर यांच्या नेतृत्वाखाली नेपाळला हरवून विश्वचषक जिंकला.

धावण्याच्या शर्यतीत आष्टी तालुक्यातील मांडवा गावच्या अविनाश साबळे यांनी असाच लौकिक मिळविला. शेतकऱ्याच्या घरात जन्मलेला हा मुलगा लहानपणी शाळेसाठी रोज कित्येक किलोमीटरची वाट पायांखाली घालीत असे. पुढे ते सैन्यात गेले, आणि ३००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत धावू लागले. २०२२ साली बर्मिंगहॅम येथील राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धेत त्यांनी ८ मिनिटे ११.२० सेकंदांत शर्यत पूर्ण करून रौप्यपदक मिळविले. सुवर्णपदक केवळ ५ शतांश सेकंदांनी हुकले. पुढच्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत मात्र त्यांनी सुवर्णपदक पटकाविले.

असे यश थोड्यांच्या वाट्याला येते. तालुक्याच्या मैदानावर खेळणाऱ्या शेकडो मुलांपैकी बहुतेकांची नावे वर्तमानपत्रात छापून येणार नाहीत. म्हणून त्यांचा हंगाम वाया गेला, असे म्हणता येईल काय? पहाटे वेळेवर उठणे, पंचाने शिट्टी वाजविली की वाद न घालता थांबणे, आपण दमलो हे ओळखून दुसऱ्याला वेळीच पुढे करणे, हरल्यावर समोरच्या संघाशी हात मिळविणे, या गोष्टी त्यांच्या अंगी बाणतात. त्या मिळविण्यासाठी पदक लागत नाही. परंतु हंगामाच्या शेवटापर्यंत शाळेत राहावयास मिळणे मात्र लागते.

वय कोणासाठी थांबत नाही. यंदा १४ वर्षांखालील गटात असलेली मुलगी पुढच्या वर्षी कदाचित त्या गटात बसणार नाही. तिचा चुकलेला सामना तिला परत मिळणार नाही. गुढीपाडव्यापासून अक्षय्यतृतीयेपर्यंत ऊसतोडीच्या टोळ्या एकामागून एक गावी परततात. जी मुलगी मागे राहिली होती, ती वेशीपर्यंत धावत जाते आणि आईच्या हातातील बोचके आपल्या हाती घेते. संघ विभागात जिंकला की हरला, हे आई मागाहून विचारते. आधी ती एवढेच विचारते, “परीक्षा दिलीस ना?”

स्वाध्याय

१. पाठलाग करणाऱ्या खेळाडूवर कोणकोणती बंधने असतात? त्यांवर ‘खो’ने मात कशी होते?
२. ‘कामाला खो घालणे’ आणि मैदानावर ‘खो देणे’ यांच्या अर्थांत काय फरक आहे? प्रत्येकाचा उपयोग करून दोन-दोन वाक्ये लिहा.
३. खो-खोचा हंगाम आणि ऊसतोडीचा हंगाम यांचा संबंध पाठाच्या आधारे आपल्या शब्दांत सांगा.
४. ‘खो कोणी दिले, हे कोठेही लिहिले जात नाही, परंतु संघाला ते ठाऊक असते.’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
५. आई परीक्षेविषयी आधी का विचारते? तुमचे मत पाच-सहा ओळींत लिहा.